वर्तनात्मक अर्थशास्त्र शिकताना: पूर्वग्रहांची यादी की प्रयोगाची रीत?

पाटीखडू

वर्तनात्मक अर्थशास्त्र, म्हणजे माणसं आर्थिक निर्णय प्रत्यक्षात कसे घेतात याचा अभ्यास. तो विषय घेऊ पाहणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. गणित किती लागतं, मानसशास्त्र यावं लागतं का, पुढे काय करता येतं. त्यांच्याकडे प्रतिसादांत वळूच. त्याच्या आधीचा एक प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं: या विषयात शिकायचं असतं ते नेमकं काय?

बहुतेक विद्यार्थी एक यादी घेऊन येतात. लॉस अव्हर्जन (तोटा जास्त बोचणं), अँकरिंग (समोर दिसलेल्या आकड्याकडे उत्तर झुकणं), फ्रेमिंग (मांडणी बदलली की निर्णय बदलणं), एंडोमेंट इफेक्ट (आपली झालेली वस्तू जास्त मोलाची वाटणं), प्रेझेंट बायस (आत्ताच्या लाभाला जास्त वजन देणं), आणि प्रत्येकाचं एकेक चटकदार उदाहरण. माणूस तर्काने वागत नाही हे सिद्ध झालंय, आता ते फक्त वापरायचं, असा समज असतो. मी पदव्युत्तर वर्गाला हा विषय आणि त्याच्या जोडीचा प्रायोगिक पद्धतींचा विषय शिकवते. माझं मत दर वर्षी जास्तच पक्कं होत चाललंय, की ही यादी म्हणजे या विषयाचा सर्वांत लवकर जुना होणारा भाग आहे. एकाच वागण्यामागे चार कारणं असू शकतात. ती एकमेकांपासून सोडवायची कशी, हे ज्याला जमलं त्याला हा विषय आला.

एकच उदाहरण घेते, पण सविस्तर.

कानेमन, क्नेच आणि थेलर यांचा १९९० सालचा कॉफीच्या कपांचा प्रयोग. कॉर्नेल विद्यापीठातल्या एका वर्गात निम्म्या विद्यार्थ्यांना एकेक कप दिला. ज्यांच्याकडे कप आला त्यांनी तो कमीत कमी कितीला विकू ते लिहायचं, ज्यांच्याकडे नाही त्यांनी जास्तीत जास्त किती देऊ ते. कप कुणाला मिळाला याचा कुणाच्या आवडीशी काही संबंध नव्हता. म्हणजे कपाची हौस असलेले आणि नसलेले दोन्ही बाजूंना सारखेच विखुरलेले असणार, आणि साधारण निम्मे कप हात बदलायला हवेत. २२ पैकी ११. चार फेऱ्यांत प्रत्यक्ष सौदे झाले ४, १, २ आणि २. विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या तयारीच्या जवळपास दुप्पट होती. हाच एंडोमेंट इफेक्ट.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कपांच्या आधी काय झालं ते फार थोडे सांगतात. त्याच विद्यार्थ्यांकडून, त्याच नियमांनी, आधी टोकनांचा बाजार भरवून घेतला होता. टोकनाला स्वतःचं मोल शून्य. शेवटी ते तुमच्या हातात राहिलं तर प्रयोग घेणारे तुम्हाला किती पैसे देतील ते प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेलं. त्या बाजारात मात्र अपेक्षेप्रमाणे ११ च्या आसपासच सौदे झाले. हा टप्पा कशासाठी? कुणी म्हणेल, मुलांना बाजाराचे नियमच कळले नव्हते. कुणी म्हणेल, विकणारा नेहमीच भाव चढवून सांगतो, ती सवय आहे. तसं असतं तर टोकनांच्या बाजारातही सौदे अडायला हवे होते. ते अडले नाहीत. त्या निबंधातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच.

पुढे काय झालं तेही महत्त्वाचं. २००३ मध्ये जॉन लिस्ट यांनी खेळाडूंची कार्डं विकली-बदलली जातात अशा बाजारात हाच प्रश्न तपासला. तिथे सतत देवघेव करणाऱ्या व्यापाऱ्यांमध्ये हा परिणाम जवळपास दिसेना, नवख्यांमध्ये ठळक दिसला. २००५ मध्ये प्लॉट आणि झाइलर यांनी सहभागींना किंमत सांगण्याची पद्धत नीट शिकवली, पैसे लावून सराव करून घेतला, उत्तरं निनावी ठेवली. कपांच्या बाबतीतली तफावत नाहीशी झाली. २०११ मध्ये इझोनी, लूम्स आणि सग्डेन यांनी तीच पद्धत वापरली. त्यांनाही कपांत तफावत दिसली नाही, पण लॉटरीच्या तिकिटांत ती टिकून होती.

मग एंडोमेंट इफेक्ट खरा की खोटा? हा प्रश्न मला तोकडा वाटतो. कोणत्या वस्तूसाठी, किती अनुभवी माणसांत, कसं विचारल्यावर, हे प्रश्न विचारायला शिकणं म्हणजे हा विषय शिकणं. यादी पाठ करणाऱ्याच्या हाती १९९० चा कप राहतो. पुढची एकवीस वर्षं त्याच्या हातून निसटतात.

तुमची मतं आणि प्रश्न लिहा.

नवी_पालवी

मॅडम, टोकनांचा भाग मी पहिल्यांदाच वाचला. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि याच विषयात पुढे जायचं म्हणते आहे. दोन प्रश्न. गणित खरंच किती लागतं? माझ्या ओळखीचे काही जण म्हणतात की हा ‘गणित नको असलेल्यांचा’ अर्थशास्त्राचा कोपरा आहे. आणि प्रत्येक प्रयोगात सहभागींना खरे पैसे का देतात? नुसतं ‘समजा तुमच्याकडे शंभर आहेत’ असं विचारून का चालत नाही?

सांख्यिक

गणितावर मी लिहितो, पैशांचं पाटीखडूंवर सोडतो.

हा कोपरा गणित नको असलेल्यांचा आहे, ही समजूत घेऊन आलेले विद्यार्थी पहिल्याच सत्रात अडकतात. एक उदाहरण देतो. समजा, नाणेफेक आहे: छापा पडला तर ११० मिळतील, काटा पडला तर १०० जातील. पुष्कळ माणसं हा डाव नाकारतात, आणि ते आपल्याला वावगं वाटत नाही. जुना सिद्धांत म्हणतो की माणूस जोखीम टाळतो, कारण संपत्ती वाढत जाते तशी पुढच्या प्रत्येक रुपयाची उपयुक्तता कमी होत जाते. मॅथ्यू रेबिन यांनी २००० साली दाखवलं की हेच एकमेव कारण असेल आणि माणूस कितीही श्रीमंत असला तरी हा छोटा डाव नाकारत असेल, तर त्याने ‘१००० जातील किंवा अमर्याद मिळतील’ असा डावही नाकारायला हवा. असं कुणी करत नाही. म्हणजे छोट्या डावातला नकार या घटत्या उपयुक्ततेतून येत नाही, त्याचं मूळ दुसरीकडे आहे. लाभ-हानी ही एकूण संपत्तीवर न मोजता एका संदर्भबिंदूपासून मोजली जाते, ही कानेमन आणि ट्वर्स्की यांची १९७९ मधली कल्पना इथे का लागते, ते या गणिताशिवाय कळतच नाही. ते नसेल तर लॉस अव्हर्जन म्हणजे ‘माणसाला तोट्याचं दुःख जास्त होतं’ एवढं एक वाक्य उरतं.

तेव्हा: कलन, संभाव्यता, उपयुक्ततेचा सिद्धांत, गेम थिअरीची पहिली पायरी. आणि संख्याशास्त्र या सगळ्यांपेक्षा जास्त. मला निवड करायला सांगितली तर मी म्हणेन, बाकी थोडं कच्चं चालेल, संख्याशास्त्र कच्चं चालणार नाही.

पाटीखडू

सांख्यिक यांच्याशी पूर्ण सहमत. आता पैशांचं.

व्हर्नन स्मिथ यांनी १९७६ मध्ये यामागचा विचार नेटका मांडला. प्रयोगात मला तुमच्या आवडीनिवडी माहीत नसतात. पण तुमच्या प्रत्येक निर्णयाला ठरावीक मोबदला जोडला, तर त्या निर्णयांचं मोल किती ते मी ठरवू शकते. वर टोकनांबद्दल लिहिलं ते हेच. आवड बाहेरून घालून दिली की बाजाराचे नियम स्वतंत्रपणे तपासता येतात.

दुसरं असं की काल्पनिक प्रश्नाला चांगलं दिसणारं उत्तर देणं फुकट पडतं. ‘शंभरातले किती दुसऱ्याला द्याल’ याला ‘पन्नास’ म्हणायला काहीच लागत नाही.

किंमत विचारायची असेल तर आणखी काळजी लागते. बेकर, डीग्रूट आणि मार्शाक यांनी १९६४ मध्ये सुचवलेली पद्धत अशी: तुम्ही वस्तूसाठी जास्तीत जास्त किती द्याल ते लिहा. मग एक आकडा यादृच्छिकपणे काढला जाईल. तो तुमच्या आकड्याइतका किंवा कमी असेल तर वस्तू तुमची, आणि तुम्ही द्यायचं ते निघालेल्या आकड्याइतकं, स्वतः लिहिलेल्याइतकं नव्हे. जास्त असेल तर सौदा नाही. थोडा विचार केला की कळतं, खरी किंमत लिहिण्यापेक्षा फायद्याचं दुसरं काही नाही. कमी लिहिलंत तर परवडणारा सौदा हातचा जाईल, जास्त लिहिलंत तर नको त्या भावाने वस्तू गळ्यात पडेल. पद्धत तर्काला धरून आहे, पण पहिल्या वाचनात सहभागींना ती कळत नाही. म्हणूनच प्लॉट आणि झाइलर यांनी प्रशिक्षणावर इतका भर दिला.

पैसे दिले की माणूस शहाणा होतो असं मात्र नाही. कॅमेरर आणि होगार्थ यांनी १९९९ मध्ये ७४ प्रयोगांचा आढावा घेतला. मोबदल्याने उत्तरांतला विस्कळीतपणा बऱ्याचदा कमी होतो, पण निव्वळ मोबदला वाढवल्याने तर्कातले दोष पुसले गेले असं त्यांना दिसलं नाही.

दुर्बीण

माझा मूळ विषय मानसशास्त्र, त्यामुळे थोडी हरकत घेते. आमच्याकडे सहभागींना प्रयोगाचा खरा हेतू आधी सांगत नाहीत, गरज पडली तर खोटी पार्श्वभूमीही सांगतात आणि शेवटी सगळं उलगडून सांगतात. नीतिसमितीची परवानगी घेऊनच. अर्थशास्त्रज्ञ मात्र फसवणूक म्हटली की दारच बंद करतात. त्यामुळे कितीतरी प्रश्न तुम्हाला विचारताच येत नाहीत. भीती, लाज, गटाचा दबाव हे सगळं ‘खरं सांगून’ कसं उभं करणार? आणि एकूणच, माणूस किती चुकतो हे दाखवायची घाई अर्थशास्त्रातून आलेल्यांना जास्त असते असं मला वाटतं. आम्ही चुकीपेक्षा प्रक्रियेकडे बघतो.

पाटीखडू

पहिला मुद्दा रास्त आहे. काही प्रश्न आमच्या हातातून जातात हे खरंच.

पण बंदीचं कारण मुळात नैतिकतेपेक्षा वेगळं आहे. प्रयोगशाळेत येणारी माणसं सगळ्या संशोधकांची सामाईक असतात. आज मी त्यांना ‘समोर खरा माणूस आहे’ असं सांगून संगणकाशी खेळवलं, तर पुढच्या महिन्यात दुसरा कुणी खरं सांगेल तेव्हाही ते विश्वास ठेवणार नाहीत. मग त्यांचं वागणं खेळातल्या नियमांना दिलेलं उत्तर उरत नाही, प्रयोग घेणाऱ्याच्या डोक्यात काय असेल याचा अंदाज होऊन बसतं. हेतू न सांगणं आणि खोटं सांगणं यात आम्ही फरक करतो. पहिलं चालतं.

दुसऱ्या मुद्द्यावर माझं उत्तर २००२ च्या नोबेलमध्ये आहे. ते कानेमन आणि व्हर्नन स्मिथ यांना विभागून मिळालं, आणि दोघांचं काम जवळजवळ उलट दिशेने जाणारं आहे. एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डमध्ये वर्गात बाजार भरवून १९४८ मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. विद्यार्थी खोलीभर फिरून एकेकाशी सौदा करायचे, आणि व्यवहार पुस्तकातल्या समतोलापासून (मागणी आणि पुरवठा जुळतात त्या किमतीपासून) दूर राहायचे. त्यांच्या अशा वर्गात बसलेल्या स्मिथ यांनी पुढे पर्ड्यूमध्ये स्वतःच्या विद्यार्थ्यांबरोबर दोन गोष्टी बदलल्या. बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी उघड ठेवली आणि तोच बाजार पुन्हा पुन्हा भरवला. १९६२ च्या त्यांच्या निबंधात किंमत समतोलाकडे सरकताना दिसते, आणि तीही कुणालाच दुसऱ्याची मूल्यं माहीत नसताना. माणसं तीच, पण नियम बदलले की निकाल बदलतो. ज्या विद्यार्थ्याला फक्त ‘माणूस चुकतो’ एवढंच शिकायचं असतं त्याला मी आधी स्मिथ वाचायला देते.

बाकावरून

मी दुसऱ्या वर्षाला आहे, प्रबंधाचा आराखडा पुढच्या आठवड्यात द्यायचाय. इथे मांडतो, तुमचं मत हवंय.

विषय: इतर लोक किती देतात हे कळलं तर माणूस सामाईक कामाला जास्त देतो का. पब्लिक गुड्स गेम घेतोय. चौघांचा गट, प्रत्येकाकडे २० टोकन, सामाईक खात्यात टाकलेल्या प्रत्येक टोकनामागे चौघांनाही ०.४ टोकन मिळतं. दहा फेऱ्या. गट तेच राहणार. अर्ध्यांना काही सांगणार नाही, अर्ध्यांना पहिल्या फेरीआधी ‘आधीच्या गटांनी सरासरी १२ टोकन दिली’ असं दाखवणार. एकूण ८० सहभागी, म्हणजे प्रत्येक बाजूला ४०. दहा फेऱ्यांमुळे प्रत्येक बाजूला ४०० निरीक्षणं होतील, त्यामुळे नमुना पुरेसा वाटतो.

सांख्यिक

४०० नाहीत. हे आधीच सांगायला हवं, कारण यावरच तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न येईल.

एकाच माणसाचे दहा निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. दुसऱ्या फेरीपासून चौघं एकमेकांना उत्तर देत असतात, म्हणून चौघांचेही निर्णय एकमेकांत गुंतलेले. एकाने हात आखडता घेतला की उरलेलेही घेतात. स्वतंत्र एकक म्हणजे गट. प्रत्येक बाजूला ४० माणसं म्हणजे १० गट, म्हणजे दहा फेऱ्यांच्या विश्लेषणात १० निरीक्षणं. दर फेरीला गट बदललेत तर परिस्थिती आणखी कठीण होते. मग पूर्ण सत्रच एक एकक होतं.

फक्त पहिली फेरी घेतली तर ४० विरुद्ध ४० म्हणता येईल, कारण तोवर कुणी कुणाला पाहिलेलं नाही. तिथे हिशेब करू. देणगीचं प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचं माप, ६ टोकन धरा (तुमच्या पायलटमधून, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीतून, खरा आकडा घ्या). ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना योगायोगालाच फरक समजण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) हवी असेल, तर ४०-४० मध्ये पकडता येणारा सर्वांत लहान फरक सुमारे ३.८ टोकन येतो. २ टोकनांचा फरक पकडायचा असेल तर प्रत्येक बाजूला सुमारे १४० माणसं हवीत.

आता यातला खरा धोका. समजा, संदेशाचा खरा परिणाम १.५ टोकन आहे. ४०-४० च्या नमुन्यात फरक निदान २.६ टोकन आला तरच तो सार्थ ठरेल. म्हणजे तुमचा निकाल सार्थ आलाच, तर तो खऱ्या परिणामापेक्षा निदान पाऊणपट जास्त फुगलेला असणार. दुसरा निकाल शक्यच नाही. लहान नमुन्यात मिळालेला सार्थ निकाल दिलासा देणारा नसतो, हे विद्यार्थ्यांना कुणी वेळेवर सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

दुर्बीण

आकडेवारी सांख्यिक यांनी सांगितली. मला आराखड्याच्या आशयावर बोलायचंय.

‘सरासरी १२’ हा आकडा कुठून येणार? मनाने ठरवलेला असेल तर पाटीखडूंच्या नियमाने ती फसवणूक झाली.

शिवाय १२ दाखवल्यावर देणगी वाढली, तर त्याची निदान तीन कारणं होतील. एक, इतर देतात असं वाटलं म्हणून मीही देतो. दोन, प्रयोग घेणाऱ्याला जास्त दिलेलं आवडेल असा माझा अंदाज झाला. तीन, १२ हा आकडा डोळ्यांसमोर होता म्हणून माझं उत्तर त्याच्या जवळ सरकलं. तुमच्या आराखड्यात तिन्हींचा निकाल एकसारखा दिसेल.

पाटीखडू

दुर्बीण यांनी अगदी नेमकं बोट ठेवलं. बाकावरून, आराखडा टाकून देऊ नका, त्यात चांगला प्रश्न आहे. मी असं सुचवेन.

दहा फेऱ्या सोडा. फिशबाखर, गेख्टर आणि फेर यांची २००१ ची पद्धत घ्या. प्रत्येकाला एक तक्ता देतात: गटातल्या इतरांनी सरासरी ० दिली तर तुम्ही किती द्याल, १ दिलं तर किती, असं २० पर्यंत. तक्ता खरा लागू होतो, म्हणजे त्यावरून प्रत्यक्ष देणगी आणि मोबदला ठरू शकतो, त्यामुळे तो भरणाऱ्याला विचार करून भरावा लागतो. त्यांच्या प्रयोगात साधारण निम्मे लोक ‘इतर जास्त देतील तर मीही जास्त’ अशा प्रकारचे निघाले, आणि सुमारे ३० टक्के काहीच न देणारे.

यातून तुम्हाला काय मिळतं ते पाहा. तक्ता आधी भरून घ्या. मग संदेश दाखवा किंवा दाखवू नका. मग ‘इतर किती देतील असं वाटतं’ हा अंदाज विचारा, अचूक अंदाजाला छोटा मोबदला ठेवा, आणि शेवटी प्रत्यक्ष देणगी घ्या. संदेश अंदाजातून काम करत असेल, तर अंदाज वाढायला हवा आणि देणगी त्या माणसाच्याच तक्त्याप्रमाणे वाढायला हवी. ज्यांचा तक्ता सपाट शून्याचा आहे त्यांच्यावर परिणाम दिसता कामा नये. त्यांचीही देणगी वाढली, तर दुर्बीण म्हणतात ती दुसरी किंवा तिसरी कारणं आत शिरली आहेत हे तुम्हाला कळेल. एकाच नमुन्यातून तुम्ही स्पष्टीकरणं वेगळी करू शकता. टोकनांच्या बाजाराने १९९० मध्ये केलं तेच काम इथे हा तक्ता करेल.

आकडा खरा ठेवणं सोपं आहे. पायलटमध्ये काही गट घ्या, त्यातल्या एका गटाची सरासरी १२ च्या आसपास आली तर ‘आधीच्या एका गटाने सरासरी इतकं दिलं’ असं लिहा. ते शब्दशः खरं असेल. ‘आधीच्या गटांनी’ असं लिहिलंत तर सगळ्या गटांची सरासरी द्यावी लागेल.

आणि सूचना तुमचे मार्गदर्शक सोडून, हा विषय न शिकलेल्या दोघा-तिघांना वाचायला द्या. प्रयोगाची निम्मी गुणवत्ता सूचनांच्या पानावर ठरते. ‘देणगी’, ‘सहकार्य’ असे भारलेले शब्द काढा, ‘सामाईक खात्यात टाकलेली टोकन’ एवढंच ठेवा. सुरुवातीला समज तपासणारे प्रश्न ठेवा: सगळ्यांनी २० टाकली तर तुम्हाला किती मिळतील? तुम्ही एकट्याने टाकली तर? पहिल्याचं उत्तर ३२, दुसऱ्याचं ८. ज्यांना ही उत्तरं येत नाहीत त्यांचं ‘औदार्य’ म्हणजे बहुधा गोंधळ असतो.

तळटीप

मी धोरणविषयक चाचण्यांच्या कामात आहे, तिथून थोडं लिहितो. विद्यापीठातून येणारे नवे सहकारी लहानशा बदलाने लोकांचं वागणं कितीतरी बदलेल अशा अपेक्षेने येतात. डेलाविन्या आणि लिनोस यांचा २०२२ चा निबंध मी प्रत्येकाला आधी वाचायला देतो. नज म्हणजे सक्ती न करता लोकांची निवड हलकेच वळवणारा बदल. अमेरिकेतल्या दोन मोठ्या नज-गटांनी घेतलेल्या १२६ चाचण्या, २ कोटी ३० लाख लोक. शोधपत्रिकांत छापलेल्या नज-प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के-गुणांचा (दोन टक्केवारींतल्या थेट फरकाचा) होता, या गटांच्या सगळ्या चाचण्या मिळून १.४. या तफावतीतला मोठा वाटा निवडक प्रसिद्धीचा आहे असं त्यांचं विश्लेषण सांगतं. सांख्यिक यांनी फुगलेल्या निकालाबद्दल जे लिहिलं त्याचं हे प्रत्यक्ष रूप.

१.४ म्हणजे काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. एक पत्र नव्याने लिहायला खर्च जवळपास शून्य, आणि ते लाखो लोकांना जातं. पण हा फरक पकडायला हजारोंचा नमुना लागतो, आणि तो मिळवायचा तर महिनोन्महिने कार्यालयांशी बोलावं लागतं, यादृच्छिक वाटणी का हवी ते समजावून सांगावं लागतं. अभ्यासक्रमात यावर एकही तास नसतो. असायला हवा.

नवी_पालवी

हे सगळं वाचून उत्साह वाढला आणि काळजीही. छापलेल्या निकालांवर इतका संशय घ्यायचा असेल तर शिकताना भरवसा कशावर ठेवायचा?

पाटीखडू

रास्त प्रश्न. संशयाला मोजमाप आहे, एवढं आधी सांगते. २०१६ मध्ये कॅमेरर आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१४ मधले, दोन अग्रगण्य शोधपत्रिकांतले प्रयोगशाळेतले १८ प्रयोग पुन्हा घेतले. ११ मध्ये परिणाम मूळच्याच दिशेने आणि सार्थ आला. त्याआधीच्या वर्षी मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा झाले होते, तिथे सार्थ आले ३६ टक्के. अर्थशास्त्र पुढे आहे म्हणून खूश होण्यासारखं त्यात फारसं नाही, १८ हा आकडा लहान आहे.

आणि भक्कम निघालेलं काही नाही असंही नाही. कानेमन आणि ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या प्रॉस्पेक्ट थिअरीतले (संदर्भबिंदूवर आधारलेल्या त्याच सिद्धांतातले) प्रश्न २०२० मध्ये १९ देशांत ४,०९८ लोकांना पुन्हा विचारले गेले. मूळ आकृतिबंध बहुतांशी टिकला, परिणाम काही ठिकाणी सौम्य झाले. उलट टोकाला, फॉर्मच्या तळाशी सही घेण्याऐवजी वर घेतली की लोक जास्त खरं लिहितात असं सांगणारा २०१२ चा गाजलेला निबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातल्या एका प्रयोगाची माहिती बनावट निघाली. त्याआधी खुद्द मूळ लेखकांनीच तो परिणाम पुन्हा मिळत नसल्याचं प्रसिद्ध केलं होतं. ती माहिती बनावट असल्याचं उघड झालं ते मूळ आकडे सर्वांना खुले झाल्यामुळे. म्हणून माझ्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला एका छापील निबंधाची मूळ आकडेवारी उतरवून निकाल स्वतः काढून दाखवावा लागतो.

आणखी एक मर्यादा कायम ध्यानात ठेवा: कुणावर प्रयोग झाला. विभागणीच्या अल्टिमेटम गेममध्ये (एकाने रक्कम वाटायचा प्रस्ताव द्यायचा, दुसऱ्याने नाकारला तर दोघांनाही शून्य) विद्यार्थ्यांचे प्रस्ताव सरासरी ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास येतात. हेनरिक आणि सहकाऱ्यांनी १५ लहान समाजांत तोच खेळ घेतला, तर सरासरी पेरूमधल्या माचिगेंगांत २६ टक्के आली आणि इंडोनेशियातल्या लामालेरा या व्हेल मारणाऱ्या गावात ५८. ज्या समाजात रोजची उपजीविका एकत्र कामावर आणि बाजारातल्या देवघेवीवर जास्त अवलंबून, तिथे प्रस्ताव जास्त. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण ‘मानवी स्वभाव’ म्हणून जे शिकवलं जात होतं त्यातलं कितीतरी एका विशिष्ट वर्गातल्या विद्यार्थ्यांचं वागणं होतं हे त्याने दाखवलं.

बाकावरून

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा बदलला. एकच निर्णय, आधी तक्ता, मग संदेश, मग अंदाज, मग निर्णय. नमुना १४०-१४० परवडणार नाही, विभागाकडून मोबदल्यासाठी मिळणारी रक्कम मर्यादित आहे. सांख्यिक, ९०-९० केलं तर? आणि हे सगळं प्रयोगाच्या कोणत्या सॉफ्टवेअरवर बांधू, झेड-ट्री की ओ-ट्री?

सांख्यिक

९०-९० मध्ये सुमारे अडीच टोकनांचा फरक पकडता येईल. मुख्य चाचणी अंदाजावर ठेवा. संदेशाचा थेट परिणाम अंदाजावर होतो, तिथून देणगीपर्यंत येईतो तो विरळ होतो, त्यामुळे अंदाजात फरक दिसण्याची शक्यता जास्त. देणगी दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, आणि हे आत्ताच, आकडे हाती येण्यापूर्वी, लिहून नोंदवा: मुख्य गृहीतक कोणतं, कोणती चाचणी, समज-प्रश्न चुकलेल्यांना वगळणार की नाही, आणि किती जण झाले की थांबणार. निकाल सार्थ येईपर्यंत माणसं वाढवत राहणं हा सर्वांत सहज होणारा गैरप्रकार आहे.

पाटीखडू

झेड-ट्री झुरिकमध्ये फिशबाखर यांनी तयार केलं, प्रयोगशाळेतल्या जोडलेल्या संगणकांसाठी ते अजूनही भक्कम आहे. ओ-ट्री पायथॉनवर चालतं, ब्राउझरमध्ये उघडतं, मोबाइलवरही. तुमच्या आराखड्यात सहभागींनी एकमेकांची वाट बघत थांबायची गरज फारच कमी आहे, तेव्हा ओ-ट्री घ्या. तक्त्याची २१ रकान्यांची पाटी मोबाइलच्या पडद्यावर नीट दिसते का ते आधी पाहा, आणि गट जुळवणं शेवटी, सगळ्यांचे निर्णय आल्यावर करा, म्हणजे मधेच कुणी सोडून गेलं तरी उरलेल्या तिघांचा मोबदला अडकणार नाही. ही गोष्ट सूचनांमध्ये सहभागींना स्पष्ट सांगा. सूचनांचा मसुदा तयार झाला की इथे टाका, आम्ही वाचतो.